व्यक्तिमत्त्व विकासाचा बाजार आणि आपला नवा जन्म

सोलापुरात दर महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात 'आयुष्य बदलून टाकणारे' शिबिर भरते. चौकाचौकांत त्याचे फलक लागतात. फलकावर सुटाबुटातला, हात उंचावलेला वक्ता असतो आणि खाली श्रीमंती, यश, आनंद असे मोठमोठे शब्द असतात. पहिले सत्र मोफत, पुढच्या सत्राला मात्र काही हजार रुपये. आपली शिकलेली मुलेही तिथे जातात. कोणी स्पर्धा परीक्षेत दोनदा नापास झालेला, कोणी कंत्राटी नोकरीत अडकलेला, कोणी विमा विकणारा. दोन दिवस टाळ्या वाजवून, घोषणा देऊन, डोळे मिटून मोठ्या गाडीचे चित्र मनात आणून ही मुले घरी येतात. तिसऱ्या दिवशी घरमालक भाडे मागायला येतो.

या मुलांची टिंगल करण्याचे कारण नाही. आपले आयुष्य आपल्या हाताने घडवावे, दिवस नुसते ढकलू नयेत, जगण्याला काही हेतू असावा, ही त्यांची तहान खरी आहे. प्रश्न त्यांना पाजल्या जाणाऱ्या पाण्याचा आहे. तिथे सांगितले जाते की, तुम्ही गरीब आहात कारण तुमचे विचार गरीब आहेत. तुम्ही अपयशी आहात कारण तुमच्या मनात नकार भरलेला आहे. हे ऐकताना आपल्याला काही आठवत नाही काय? आपल्या आजा-पणजाला गावच्या भटाने हेच सांगितले होते. तुझ्या वाट्याला आलेले दुःख हे तुझ्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, व्यवस्थेचा त्यात काही दोष नाही. पूर्वजन्म गेला आणि त्याच्या जागी 'नकारात्मक विचार' आले, एवढाच फरक. दोन्हीकडे दोषी एकच, ज्याच्यावर अन्याय झाला तो. आणि दोन्हीकडे दक्षिणा देणाराही तोच!

सोलापूरची जुनी मिल १८७७ साली सुरू झाली आणि १९६३ साली बंद पडली. पुढे लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. हजारो कामगारांच्या घरातील चुली थंडावल्या. त्या सर्व कामगारांनी एकाच दिवशी नकारात्मक विचार केला होता काय? गिरणीचा भोंगा मालकाच्या, बँकेच्या आणि सरकारच्या निर्णयाने बंद झाला. हे ज्याला कळत नाही त्याने सोलापूरकरांना जगणे शिकवायला येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण म्हणून माणसाने स्वतःला घडविण्याचा प्रश्नच गैर ठरतो असे नाही. तो प्रश्न मुळात आपला आहे, आणि तो या कोटवाल्या वक्त्यांच्या कितीतरी आधी आपल्या चळवळीने हाती घेतलेला आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. त्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले की, आपली लढाई संपत्तीसाठी नाही आणि सत्तेसाठीही नाही. ती स्वातंत्र्यासाठी आहे, माणसाचे हिरावून घेतलेले व्यक्तिमत्त्व परत मिळविण्यासाठी आहे. व्यक्तिमत्त्व हा शब्द त्यांनी जाणूनबुजून वापरला. बाजारात व्यक्तिमत्त्व म्हणजे बोलण्याची ढब, इस्त्रीचे कपडे आणि हस्तांदोलन. बाबासाहेबांच्या लेखी व्यक्तिमत्त्व म्हणजे माणूस म्हणून स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार. त्याच परिषदेला जोडून २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली. हजारो बायाबापड्या तिथे जमल्या होत्या. त्यांना बाबासाहेबांनी काय सांगितले? स्वच्छ राहा, दुर्गुणांपासून दूर राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा जागवा, लग्नाची घाई करू नका, आणि नवऱ्याची दासी म्हणून नव्हे तर मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभ्या राहा. आजच्या भाषेत बोलायचे तर हे व्यक्तिमत्त्व विकासाचेच शिबिर होते. शुल्क नव्हते, एवढेच.

त्याच्याही खूप आधी, १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेल्यावर बावीस वर्षांच्या भीमरावांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले होते. आईबाप मुलाला फक्त जन्म देतात, त्याचे नशीब घडवीत नाहीत, ही समजूत आता सोडली पाहिजे. आईबाप मुलांच्या भवितव्याला आकार देऊ शकतात. आणि मुलांच्या बरोबरीने मुलींना शिकविले तर आपली प्रगती फार लवकर होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. ज्या समाजाला कपाळावरची रेषा दाखवून हजारो वर्षे गप्प बसविले, त्या समाजातला तरुण म्हणत होता की रेषा पुसता येते.

आता एक गोष्ट कायद्याच्या बाजूने सांगतो. हेतूने जगायचे असेल तर माणसाकडे आधी स्वतःचा वेळ असावा लागतो. आपल्या पूर्वजांकडे तो नव्हता. महारकी वतन म्हणजे काय होते? चोवीस तासांची बांधिलकी. पाटील-तलाठ्याचा निरोप आला की भाकरी टाकून उठायचे, सरकारी टपाल पोचवायचे, अंमलदाराच्या घोड्यापुढे पळायचे. घरचा पुरुष आजारी असला तर बापाने किंवा मुलाने जायचे. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि बलुत्याचे मागून आणलेले धान्य. अशा माणसाने पहाटे उठून आपल्या ध्येयाचा विचार करायचा तो कधी? म्हणून बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. ही वतने कायद्याने संपविण्यासाठी १९५८ साल उजाडावे लागले. शहरात गिरणी कामगाराची स्थिती काही फार वेगळी नव्हती. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतील कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. ते सहा तास आकाशातून पडले नाहीत. आज संध्याकाळी सहानंतरचा जो वेळ आपण मोबाईलवर अंगठा फिरवीत घालवितो, तो कोणीतरी लढून मिळवून दिलेला आहे.

सोलापूरला तर हा इतिहास शेजारच्या गल्लीत सापडतो. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना २० जुलै १९२४ ची. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. नगरपालिकेने त्याला दरमहा ४० रुपये अनुदान दिले. त्या वसतिगृहातील मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालविले, याची नोंद बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. विचार करा. ज्यांच्या घरात अक्षर शिरलेली ती पहिलीच पिढी, ती मुले मासिक काढत होती. त्यांना कोणी 'आत्मविश्वास वाढवा' म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या नव्हत्या. राहायला छप्पर, दोन वेळचे जेवण, पुस्तके आणि बरोबरीचे सोबती मिळाले, आणि आत्मविश्वास आपोआप आला. माणूस घडविण्याचा हा क्रम बाबासाहेबांनी ओळखला होता. आधी आधार, मग उपदेश.

सांगोला तालुक्यातील महूदच्या शांताबाई कांबळे यांचे उदाहरण आपल्या मुलींना सांगितले पाहिजे. जन्म १९२३ चा. महार घर, दारिद्र्य, शाळेत वर्गाबाहेर बसणे, हे सगळे त्यांच्याही वाट्याला आले. १९४२ साली त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. जिल्ह्यातील पहिल्या दलित शिक्षिका. दहा वर्षे नोकरी केल्यावर, संसार आणि लेकरे सांभाळून, त्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला गेल्या. पुढे जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या, १९८१ साली निवृत्त झाल्या, आणि मग लिहायला बसल्या. 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ साली पुस्तकरूपाने आली. दलित स्त्रीने लिहिलेले पहिले आत्मचरित्र म्हणून त्याचे नाव घेतले जाते. २०२३ च्या जानेवारीत, शंभरीला काही आठवडे बाकी असताना त्या गेल्या. तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थिनी होणे आणि साठीच्या आसपास लेखिका होणे याला काय म्हणायचे? आता माझे वय झाले, आता काय शिकायचे, असे चाळिशीतच म्हणणाऱ्या आपल्या नोकरदार मंडळींनी एकदा महूदची वाट धरावी.

आता थोडे कडू बोलतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या. प्रतिज्ञा हा प्रकार वकील म्हणून मला फार महत्त्वाचा वाटतो. सज्ञान माणूस, शुद्धीवर असताना, चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने शब्द देतो. जन्माने मिळालेला धर्म न मागता मिळतो; त्यात आपला निर्णय नसतो. इथे लाखो माणसांनी उभे राहून निर्णय घेतला, आणि आज आपला नवा जन्म झाला असे जाहीर केले. एका समाजाने हेतुपूर्वक जगण्याचा असा सामुदायिक करार केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण या कराराची आपण कोणती कलमे पाळतो? देव सोडले, श्राद्ध सोडले, सत्यनारायण सोडला. बहुतेकांनी खरोखर सोडला, काहींनी फक्त दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात हलविला. या झाल्या सोडण्याच्या प्रतिज्ञा. धरण्याच्या प्रतिज्ञांचे काय? अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता, प्रज्ञा-शील-करुणेची सांगड घालून जगणे, हीही त्याच बावीसमधली कलमे आहेत. पारमितांची नावे पाठ असणारे पुष्कळ भेटतात. त्यांतील वीर्य म्हणजे हाती घेतलेले काम नेटाने पुरे करणे आणि अधिष्ठान म्हणजे ठरविलेल्या ध्येयापासून न ढळणे. ही दोन नावे नीट समजून घेतली तर हॉटेलातल्या शिबिराचे पैसे वाचतील. दारू न पिण्याची प्रतिज्ञा तर अगदी साध्या मराठीत आहे, तिचा अर्थ लावायला भिक्खू लागत नाही की वकील लागत नाही. तरी जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीमागे काय चालते ते सर्वांना माहीत आहे. विरोधक बदनामी करतात म्हणून गप्प बसायचे, हे धोरण आता पुरे झाले.

आमच्या न्यायालयाच्या आवारात दर सोमवारी आपल्या वस्त्यांतील ओळखीचे चेहरे दिसतात. फौजदारी गुन्ह्यापेक्षा जास्त गर्दी कर्जाची. मुलीच्या लग्नात पाचशे पाने उठवायची म्हणून घेतलेले कर्ज. मित्राला जामीन राहिलेला शिपाई. गटाचे कर्ज फेडायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज घेतलेली बाई. कोऱ्या धनादेशावर सह्या करून दिलेला रिक्षावाला. या शेवटच्याला वाटते की रक्कम मी लिहिलीच नाही, मग माझा काय संबंध? संबंध आहे. सर्वोच्च न्यायालयाने बीरसिंग विरुद्ध मुकेशकुमार या २०१९ च्या निकालात म्हटले आहे की, सही करून स्वेच्छेने दिलेला धनादेश कोरा असला तरी तो देण्यासाठी होता हे गृहीत धरले जाईल, आणि उलट सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर राहील. कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जामीनदाराची जबाबदारीही मूळ कर्जदाराइतकीच असते. विचारपूर्वक जगणे म्हणजे काय, हे मला कोणी विचारले तर मी आधी हेच सांगतो की कागद वाचल्याशिवाय सही करू नका. यात अध्यात्म काही नाही, पण सम्यक स्मृती हीच आहे. हात काय करतो आहे याचे भान.

तथागतांनी गृहस्थांना दिलेला उपदेश आपण वाचतच नाही. सिगाल नावाचा तरुण राजगृहाबाहेर ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. बापाने मरताना सांगितले होते म्हणून. बुद्धांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे शिक्षक, पश्चिम म्हणजे बायकोमुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसे आणि वरची म्हणजे श्रमण. नमस्कार दिशेला नको, नात्यातील कर्तव्याला हवा. संपत्ती कशाने गळते याची सहा भोकेही त्यांनी दाखविली: नशा, रात्री-बेरात्री भटकणे, तमाशे-जत्रांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. जुगाराच्या जागी आज मोबाईलवरचा पैशांचा खेळ घाला, यादी जशीच्या तशी लागू पडते. कमाईचे चार भाग करावेत, एक खर्चाला, दोन व्यवसायात, चौथा अडचणीच्या दिवसासाठी, हेही त्याच सुत्तात आहे.

अर्थात बिड्या वळणाऱ्या बाईला चार भाग करायला सांगणे ही क्रूर थट्टा होईल. हजार बिड्यांमागे जी मजुरी हातात पडते तिचा एकच भाग होतो, तो किराणा दुकानात जातो. म्हणून धम्म सांगणाऱ्याने किमान वेतनाबद्दल बोलले पाहिजे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धर्म आणि धम्म यांतला फरक सांगितला आहे. धर्म वैयक्तिक असतो, धम्म मात्र मुळातच सामाजिक. माणूस एकटाच असता तर त्याला धम्माची गरज पडली नसती. दोन माणसे एकत्र आली की तो लागतोच. मग एकट्याचाच विकास ही कल्पना आपल्याला परवडणारी नाही. संविधानाच्या ५१ क या अनुच्छेदात, १९७६ साली घातलेल्या मूलभूत कर्तव्यांत, वैयक्तिक आणि सामूहिक अशा दोन्ही क्षेत्रांत उत्कृष्टतेसाठी झटण्याचे कर्तव्य सांगितले आहे. आपली शिकलेली मंडळी 'वैयक्तिक' शब्दापाशी थांबतात. बुधवार पेठेतून निघून जुळे सोलापुरात बंगला बांधला, मुले इंग्रजी शाळेत घातली, ध्यानाच्या शिबिराला जाऊन मनःशांती मिळविली, झाले! १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिल्याची व्यथा बोलून दाखविली, ती नेमकी याच माणसांबद्दल होती. ध्यानाला माझा विरोध नाही. मी स्वतः सकाळी आनापानसतीला बसतो. पण ज्या मनःशांतीला शेजारच्या गल्लीतला आक्रोश ऐकू येत नाही, तिला बहिरेपण म्हणावे लागेल.

मग करायचे काय, असे तरुण विचारतात. आमच्या वस्तीतील विहारात आम्ही फार मोठे काही करीत नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन सगळीकडेच होते. आम्ही त्याला दोन गोष्टी जोडल्या. वाचन झाल्यावर अर्धा तास प्रश्न, आणि प्रत्येकाकडे एक वही. वहीत आठवड्याची कमाई, खर्च, कर्ज आणि शिकलेली एक नवी गोष्ट लिहायची. पहिल्या महिन्यात पुरुषांनी वह्या आणल्याच नाहीत. बायकांनी आणल्या, ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी नातवाकडून लिहून घेतल्या. वहीत दारूचा आकडा दिसू लागल्यावर दोन-तीन घरांत भांडणे झाली. एकाने माझ्याशी बोलणे सोडले आहे. चालायचेच.

गेल्या वर्षावासात सम्यक आजीविकेवर वाचन चालू होते. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असा तो भाग. मागच्या रांगेतल्या एका बिडी कामगार बाईने हात वर केला आणि विचारले, "साहेब, तंबाखू विषात धरायचा का?" सभागृह गप्प झाले. तीस वर्षे मांडीवर सूप घेऊन तिने बिड्या वळल्या होत्या. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, व्यापार कारखानदार करतो, तुम्ही फक्त श्रम करता. तिला ते पटले नाही. "ओढून कुणाचा तरी बाप मरतोच की," ती म्हणाली. दुसरी म्हणाली, सोडून दे म्हणणाऱ्याने आधी दुसरे काम दाखवावे. तासभर वाद झाला आणि निकाल लागला नाही. पण निघताना ती बाई म्हणाली की, तिची मुलगी परिचारिकेचा कोर्स करते आहे आणि तिला तिने आजवर बिडीच्या पानाला हात लावू दिलेला नाही.

पुढच्या रविवारी ती आणखी सहा जणींना घेऊन आली. प्रत्येकीच्या हातात कारखान्याचे मजुरीचे कार्ड होते. कोणाच्या कार्डावर चार वर्षे भविष्य निर्वाह निधीची नोंद नाही, कोणाचे नावच चुकीचे, एकीचे कार्ड दुसऱ्याच बाईच्या नावाने चालू. त्या दिवशी ग्रंथवाचन दहा मिनिटे झाले. उरलेला वेळ आम्ही अर्ज लिहिले. सातपैकी दोघींच्या नोंदी दुरुस्त होऊन आल्या आहेत, पाच अर्ज अजून चालू आहेत.